काढणाऱ्याने पुसू नये

कंपनीने आम्हाला घरी बसवायच्या आधी एक दिवस शिबिराला बसवलं. शिबिर कसलं, कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या आणि माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी हातात माइक घेऊन बदलाला सामोरं कसं जायचं ते आम्हाला सांगत होती. आम्ही बायका बदलाला सामोऱ्या जायला काही निघालो नव्हतो. तोच आमच्या अंगावर चालून आला होता. गोळ्यांच्या स्ट्रिपांवर नजर ठेवायचं आमचं काम आता कॅमेऱ्याचं यंत्र करणार होतं, आणि ते यंत्र चहाला उठत नाही, सणाला रजा मागत नाही. त्या मुलीने एकेकीला विचारलं, तुमची ताकद काय? माझ्या शेजारणीने सांगितलं, तांदळाचं पोतं एकटी उचलते. हशा झाला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला चुका दिसतात. मुलगी गोड हसली. "मॅडम, हे जरा निगेटिव्ह झालं. पॉझिटिव्हमध्ये सांगा ना." मी खूप विचार केला, पण मला ते पॉझिटिव्हमध्ये सांगता येईना. शेवटी ती पुढच्या बाईकडे गेली.

वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत औषधांच्या त्या कंपनीत माझी उमेदीची वर्षं गेली. समोरून बेल्ट सरकत असायचा. एखाद्या कप्प्यात गोळी नाही, एखाद्या गोळीचा टवका उडालाय, कुठे वरचा चंदेरी कागद सुरकुतलाय, दिसलं की उचलायचं आणि शेजारच्या लाल टोपलीत टाकायचं. टोपली भरली की कुणीतरी येऊन घेऊन जायचं. पुढे त्या मालाचं काय व्हायचं ते मला आजतागायत माहीत नाही आणि विचारावंसंही कधी वाटलं नाही. बघायचं आणि उचलायचं, एवढंच माझं काम. ही सवय घरीही सुटेना. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं असलं तरी मला जेवण जात नसे. नवरा म्हणायचा, हिला घेऊन लग्नाला जाऊ नये, अख्ख्या मांडवात मुंडावळ्या वाकड्या आहेत हे हिलाच आधी दिसतं.

घरी बसल्यावर सुरुवातीला बरं वाटलं. मग माझंच काहीतरी बिनसायला लागलं. सकाळी उठून डबा भरायची सवय हाताला लागली होती, ती जाईना. मी डबा भरायचे, ओट्यावर ठेवायचे आणि दुपारी तिथेच उभी राहून तो उघडून खायचे. ताटात वाढून घ्यायला काय हरकत होती? पण ताट घेतलं तर आपण घरीच आहोत हे पक्कं झालं असतं. मुलीने एकदा पाहिलं आणि डबा घासून टाकला.

रांगोळीचं मुलीच्याच डोक्यातून निघालं. आमच्या जूचंद्र गावात रांगोळी म्हटलं की ठिपके आणि वेलबुट्टी कुणाच्या मनात येत नाही, माणसांचे चेहरे येतात. दिवाळीत प्रदर्शन भरतं, लांबलांबून लोक बघायला येतात, वाकून वाकून बघतात आणि शेजारच्याला विचारतात, हा फोटो चिकटवलाय का हो? घरटी एक तरी हात रांगोळीचा असतो. आमच्या घरात तो माझा होता. मीठ काढणाऱ्या घरातली मी, पांढऱ्या रंगाची माझी ओळख जुनीच. त्यात कुठला रंग किती मिसळला की गालाची कातडी होते आणि किती मिसळला की कपाळाची, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

यात एक नेम होता. आई सांगायची, काढणाऱ्याने पुसू नये. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या काळी आयांना का म्हणून विचारायची पद्धत नव्हती. दिवाळी सरली की समोरच्या घरातली बाई येऊन आमची रांगोळी झाडून टाकायची आणि आमच्यातलं कुणीतरी जाऊन तिची. सगळ्या गावात असंच होतं की आमच्याच आळीत, मला सांगता येणार नाही. पण त्यामुळे झालं असं की एवढे चेहरे काढूनही त्यातला एकही जाताना मी पाहिला नाही. मी आत जेवत असायचे किंवा कामावर गेलेली असायचे, आणि परत येऊन बघावं तर जमीन स्वच्छ.

"आई, हीच तुझी ताकद आहे," असं मुलगी म्हणाली तेव्हा घरातलंच माणूस कंपनीला फितूर झाल्यासारखं मला वाटलं. तिने माझ्या जुन्या रांगोळ्यांचे फोटो गोळा करून फोनवर माझ्या नावाचं एक पान काढलं. आता लोक विचारणा करतील, तू ऑर्डर घे, तुझ्या कामाला अर्थ येईल. मला हे बोलणं उमजेना. गोळ्यांच्या कामाला अर्थ नव्हता का? एखाद्या म्हाताऱ्याच्या स्ट्रिपमधली एक गोळी कमी निघाली नाही यात माझा वाटा होताच की. आणि रांगोळी म्हणजे काम कसं? काम म्हणजे ज्याचा कंटाळा येतो आणि तरी आपण जातो ते, अशी माझी साधी समजूत. आवडीच्या गोष्टीला काम म्हणायला जीभ वळेना. पण नुसतं बसूनही राहवेना. मी मुलीला म्हटलं, एक घेऊन बघते. जमलं तर पुढे, नाही तर ते तुझं पान मिटवून टाक.

ती एक ऑर्डर लवकरच आली. गावाच्या वेशीवर जे टॉवर उभे राहिलेत त्यातल्या एकात राहणारी बाई होती. तिथे पूर्वी भातशेती होती आणि पलीकडे खाडीकडे मिठागरं. आता तिथली माणसं आम्हाला विचारतात, तुम्ही गावात राहता का? जणू काही ती स्वतः विमानात राहतात. बाई बोलायला मात्र गोड होती. सासर साताऱ्याकडचं, नवरा नोकरीला, सासूबाई गेल्या काही वर्षांपासून इथेच. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, मधोमध जमिनीवर त्यांचा मोठा चेहरा हवा. आणि त्यांना यातलं काही कळता कामा नये, सरप्राइज आहे.

मी फोटो मागितला. तो आला आणि मला लाल टोपलीच आठवली. चेहरा म्हातारीचा, पण गालावरून कुणी इस्त्री फिरवावी तसा. सुरकुत्या होत्या, पण ज्या त्या जागी विरघळलेल्या. मी म्हटलं, दुसरा असला तर बघा, जरा साधा, घरात काढलेला. "अहो ताई, हाच घ्या. बाकीच्यांत आमच्या सासूबाई चांगल्या येतच नाहीत," ती म्हणाली. एकदा प्रत्यक्ष बघून जाते म्हटलं तर सरप्राइज मोडतं. मी म्हटलं, बरं, तुमची मर्जी. गिऱ्हाईक तुम्ही.

हॉलचे पंखे बंद करून, खिडक्या लावून मी बसले. रांगोळीला वारा चालत नाही, त्यामुळे काढणारी आत उकडून निघते. बारीक चाळलेली पूड चिमटीतून सोडताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यावा लागतो. एरवी चेहरा काढता काढता त्या माणसाशी माझी ओळख होते. नाकपुडीचा बाक, एका भुवईचा चढ, यातून तो माणूस तापट की कनवाळू याचा अंदाज यायला लागतो, आणि मग हात आपोआप पुढे जातो. या बाईशी माझी ओळख होईना. डोळे जमले, इतके जमले की मलाच बरं वाटलं. पण खाली ओठांपाशी आलं की काहीतरी नाही आहे, एवढं कळायचं. काय नाही ते कळायचं नाही. बेल्टवर असं कधी झालं नव्हतं. तिथे रिकामा कप्पा रिकामाच दिसायचा. मी पुन्हा पुन्हा फोटोशी ताडून पाहिलं, आणि फोटोबरहुकूम सगळं ठीक होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सगळी मंडळी कडेने उभी राहिली. मलाही थांबवून घेतलं होतं. नातवंडांनी डोळ्यांवर हात ठेवून आजींना आत आणलं आणि हात काढले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला, ओठाच्या खालपासून पार जबड्यापर्यंत, भाजल्याचा जुना चट्टा होता. कातडी चुरगळून तशीच राहिलेली. आणि जमिनीवर मी काढलेली हनुवटी साफ, कोरी, गुळगुळीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, हुबेहूब. त्या हॉलमधल्या एकाही माणसाला तो फरक दिसला नाही, किंवा दिसून खुपला नाही.

आजींना मात्र दिसला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला आणि त्यांना रडू आवरेना. कुणीतरी खुर्ची आणली. "बघा, किती भरून आलं," असं जो तो म्हणू लागला. सुनेने मला केकचा मोठा तुकडा भरवला. तो गिळताना माझं लक्ष आजींकडेच होतं. त्यांचा हात सारखा स्वतःच्या हनुवटीकडे जात होता. मला वाटलं, झालं. जन्मभर जो डाग या बाईने वागवला तो यांनी पुसून टाकला आणि वर टाळ्या वाजवल्या. आणि पुसणारा हात माझा होता.

घरी मुलगी खुशीत होती. पानावर फोटो चढला होता, त्याखाली लोकांची वाहवा चालली होती, दोघा-तिघांनी तर आमच्याही आईचा चेहरा काढाल का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, "अगं, चूक झालीय."

"आई, तो फिल्टर असतो. सगळेच वापरतात. आणि डाग नाही दिसला तर बिघडलं काय? कुणाला आवडतो डाग?"

खरंच, कुणाला आवडतो? फोटोशी ताडून पाहिलं तर माझं काम पास होतं. बाईशी ताडून पाहिलं तर नापास. गिऱ्हाईक खूश, बघणारे खूश, आणि जिच्यासाठी केलं ती रडत होती, तीही आनंदाने की अपमानाने ते कुणाला माहीत. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका उचलल्या आणि ही उचलायची तर तिला हात कुठून घालावा तेच कळत नव्हतं. एवढं मात्र मी मनाशी ठरवलं की त्या बाईला लागलं असेल तर हे काम आपलं नाही. मुलीने कितीही समजावलं तरी मग मी ते पान मिटवायला लावीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. आवाजातला गोडवा थोडा उतरला होता. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं होतं, सजावटवाले यायचे होते आणि रांगोळी जागची हललेली नव्हती. झाडायला येणारी बाई झाडू टेकवून उभी राहिली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आईच्या तोंडावर झाडू कसा मारू? "आणि सासूबाई सकाळपासून तिथेच खुर्ची टाकून बसल्यात. कुणाला जवळ येऊ देत नाहीत. काही विचारलं तर बोलत नाहीत. ताई, तुम्हीच या आणि काय ते करा. तुम्ही काढलीत ना?"

मी म्हटलं, "आमच्यात काढणाऱ्याने पुसायचं नसतं."

"मग कुणी पुसायचं?"

"समोरच्या घरातल्यांनी."

ती म्हणाली, "समोरच्या फ्लॅटवाल्यांशी आमचं बोलणं नाहीये."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडे प्रदर्शनात चेहरे असायचे ते देवांचे, पुढाऱ्यांचे, नट-नट्यांचे. झाडणाऱ्याला त्यांचं काय? घरातल्या जित्याजागत्या माणसाचा चेहरा जमिनीवर काढला की तो पुसायचा कुणी, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चेहरे काढणारे, आणि ही साधी गोष्ट मला सुचू नये? मी चडफडत पिशवी उचलली. रंगाच्या पुड्या काढून ठेवायलाही विसरले, तशीच निघाले.

हॉलच्या दारात झाडणारी बाई उभी होती. ती आमच्याच गावची, मला वहिनी म्हणते. "मना नाय जमनार, वयनी," ती हळूच म्हणाली. "म्हातारी जिती हाय. तिच्या तोंडावर झाडू मारला तर पाप कोनाला?" मी तिला म्हटलं, तू इथेच थांब, आणि आत गेले. भिंतीवर कालच्या पताका लोंबत होत्या. आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांपुढे तो चेहरा. मी चप्पल बाहेर काढली होती. त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. बोलणी खायची तर लवकर खाऊन टाकावीत असा माझा स्वभाव आहे.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमच्या हनुवटीवरचं ते राहून गेलं. फोटोत नव्हतं, पण मी विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही रांगोळी तू काढलीस व्हय?"

"हो."

"मग चुकलं कुठं? तू तर आक्काला आणलंस."

मला काही बोध होईना. त्यांनीच मग सांगितलं, थांबत थांबत. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघींत अंतर थोडं, लोक जुळ्याच समजायचे. लहानपणी गुऱ्हाळात उकळती काकवी उडून धाकटीच्या हनुवटीवर पडली. "तवापासनं मी डागाची आन ती बिनडागाची. घरातलीसुदिक त्यावरनंच ओळखायची. अंधारात चुलता माझी हनुवटी चाचपायचा आन मग नाव घ्यायचा." आक्का पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा फोटो नव्हता. लग्नात काढायचा राहिला होता आणि पुढे काढायला ती राहिली नाही.

"मी काय करायची, ठावं हाय का? आरशापुढं उभं राहायची आन ह्यावर असा हात धरायची." त्यांनी तळहाताने हनुवटी झाकून दाखवली. "की दिसायची आक्का. घडीभर बघायची तिला आन कामाला लागायची. पण पुढं माझं तोंड म्हातारं झालं. आक्का तर सोळा-सतराचीच ऱ्हायली. मग हात धरला तरी ती दिसंना. किती तरी वर्सं झाली, मी सोडूनच दिलं बघायचं. आन काल पोरांनी डोळ्यावरचं हात काढलं तर ही समोर. माझ्याएवढीच म्हातारी झालेली."

मला हायसं वाटलं. लगेच पाठोपाठ राग आला, आणि तो कुणावर ते समजेना. मी बसले होते या बाईंचा चेहरा काढायला. तो आला नाही. आली ती भलतीच बाई, जिचं अस्तित्व मला ठाऊक नव्हतं, जी या वयाची कधी झालीच नाही, आणि तिचीच यांनी सकाळपासून राखण केली होती. आणली कुणी तिला? मी? फोनने? सासू छान दिसावी म्हणून धडपडणाऱ्या सुनेने? याला माझं काम चांगलं झालं म्हणायचं की साफ फसलं? मला विचारायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, चांगला मोठा फोटो काढून देते. फ्रेम करून लावा घरात."

त्या हसल्या. "सगळ्यांच्या फोनात हाय की ती. माझ्या नावानं. भिंतीला लावली तरी मानसं मलाच बघनार."

दारातून सुनेने डोकावून पाहिलं. सजावटवाले खाली आले होते. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. आजींनी ते वाचलं. त्या म्हणाल्या, "आक्काला झाडू लावायचा न्हाई. ती गेली तवा मला बघायला नेलं नव्हतं, बारकी म्हनून. आता माझ्या डोळ्यांदेखत मी तिला झाडून देनार न्हाई." मग पुढे वाकून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यापाशी रंग हायत का? पैल्यांदा मला काढ. मग मला पूस."

मी पुड्या सोडल्या. त्यांना खिडकीच्या उजेडाकडे तोंड करायला सांगितलं आणि तो चट्टा जवळून पाहिला. लांबून तो एकरंगी वाटला होता. तसा नव्हता. मध्ये कातडी फिकट, तकतकीत, कडेला काळपट, आणि ओठाच्या टोकाशी एक बारीक ओढ, जिच्यामुळे तोंड किंचित खाली खेचलं जात होतं. तेच. दोन दिवस मला जे सापडत नव्हतं ते तिथे होतं. मी चिमटीने आधी ती ओढ घातली, मग फिकट, मग कडा. आजी खुर्चीवरून वाकून बघत होत्या. ओठाचं टोक खाली आलं मात्र, जमिनीवरचे डोळे बदलले. मी डोळ्यांना बोटही लावलं नव्हतं. मघापर्यंत तिथे एक शांत, कुणाची काही न लागणारी बाई होती. आता तिथे थोडी हट्टी, थोडी मिश्कील, बघणाऱ्याला जोखणारी बाई आली.

"गेली," आजी म्हणाल्या. रडल्या नाहीत.

माझ्या हातून निघालेला सगळ्यांत खरा चेहरा तो. तो पाहिला आम्ही तिघींनी, म्हणजे आजी, दारातली झाडणारी आणि मी. फोटो काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मुलीच्या त्या पानावर अजून पहिलाच चेहरा आहे, साफ हनुवटीचा, आणि तो बघून लोक अजून फोन करतात. मी ते पान मिटवायला लावलं नाही. कुणाला हो म्हणते, कुणाला नाही म्हणते. कशावरून ठरवते असं मुलगी विचारत असते. त्या शिबिरातल्या मुलीला हे सगळं सांगितलं तर ती कुठल्या रकान्यात घालील, कोण जाणे.

त्या सकाळी चट्टा पुरा झाल्यावर मी उठून दारातल्या बाईच्या हातून झाडू घेतला. घेतला खरा, पण हात पुढे जाईना. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचा नेम माझ्या मनगटाला धरून बसला होता. आजींनी माझ्याकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि झाडू माझ्या हातून काढून घेतला.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. "माझंच तोंड हाय."

त्यांनी पदर खोचला आणि घर झाडावं तशी सुरुवात केली, कडेने आत. आधी केस गेले, मग कपाळ, मग कान. डोळ्यांपाशी त्या थांबतील असं मला वाटलं होतं. थांबल्या नाहीत. हनुवटी सगळ्यांत शेवटी राहिली होती, तीही एका हाताने ओढून घेतली. झाडणारी बाई आत येऊन खाली बसली आणि तिने सुपली धरली. सगळे रंग एकमेकांत मिसळून सुपलीत राखेच्या रंगाचा एवढासा ढीग झाला. आजी झाडूवर भार देऊन त्याकडे बघत राहिल्या.

"आता यातली आक्का कुठली आन मी कुठली," त्यांनी मला विचारलं, "काय कळतंय का गं?"

मी खरंच वाकून पाहिलं.